जळते दुकान आणि झाडू : मराठी संपादकांना खुले पत्र

मराठी दैनिके, वृत्तवाहिन्या आणि वृत्तसंकेतस्थळे यांच्या सन्माननीय संपादकांस, तसेच छायाचित्र विभाग आणि रात्रपाळीचे डेस्क सांभाळणाऱ्या सर्व सहकाऱ्यांस,

सप्रेम नमस्कार.

एका मराठी दैनिकाच्या रात्रपाळीत मी बावीस वर्षे छायाचित्रे निवडली आणि त्यांच्याखालच्या ओळी लिहिल्या. आता निवृत्त आहे, त्यामुळे हे पत्र लिहिताना कोणाची मर्जी राखण्याचे कारण उरलेले नाही. पत्राचा विषय एकच आहे : जगभरातील कृष्णवर्णीय माणसांची जी प्रतिमा आपल्या पानांवरून वाचकापर्यंत जाते, ती कोण ठरवते, कशी ठरवते, आणि ती बदलण्यासाठी त्याच समाजातील छायाचित्रकारांनी जे करून ठेवले आहे त्याची आपल्याला खबर का नसते.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. २८ एप्रिल २०१५ ची रात्र मला तारखेनिशी आठवते, कारण नेपाळच्या भूकंपाला तीनच दिवस झाले होते, पहिले पान आणि आतली दोन पाने काठमांडूने व्यापली होती आणि परदेशाच्या पानावर तीन स्तंभांची एक जागा रिकामी उरली होती. ती भरायला अमेरिकेतले बाल्टिमोर शहर होते. पोलिसांच्या ताब्यात असताना पाठीच्या कण्याला जबर दुखापत होऊन मरण पावलेल्या फ्रेडी ग्रे या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा अंत्यविधी आदल्या दिवशी झाला होता आणि त्याच दुपारपासून शहरात दगडफेक आणि जाळपोळ सुरू झाली होती. वेळेच्या फरकामुळे आमच्याकडे छायाचित्रांचे दोन संच एकदमच येऊन पडले. एकात रात्र होती : पेटलेली मोटार, औषधांचे जळते दुकान, तोंडाला रुमाल बांधलेली मुले. दुसऱ्यात सकाळ होती : त्याच रस्त्यांवर झाडू, फावडी आणि कचऱ्याच्या काळ्या पिशव्या घेऊन उतरलेली त्याच वस्तीतली माणसे. त्यातली एक बाई मला अजून दिसते. ती उकिडवी बसून फुटलेल्या काचा सुपलीत भरत होती आणि तिच्या हातात घरची भांडी घासताना घालतात तसले पिवळे रबरी मोजे होते.

मी जळते दुकान उचलले. वृत्तसंपादकांनी मान डोलावली, कारण ज्वाळा रंगीत पानावर उठून दिसतात. खाली मी ओळ लिहिली, ‘बाल्टिमोरमध्ये कृष्णवर्णीयांचा धुडगूस’. तीन स्तंभांत दोन ओळी बसतात. त्या दोन ओळींत जळालेल्या दुकानाला जागा मिळाली, फ्रेडी ग्रेच्या नावाला मिळाली नाही. कोणी म्हणेल की यात खोटे काय होते? दुकान जळाले होतेच. परंतु झाडूही खरा होता, आणि दोन खऱ्यांतून मी जे एक निवडले ते माझ्या वाचकाच्या डोक्यात आधीपासून बसलेल्या चित्राशी जुळणारे होते. निवडताना मला विचारच करावा लागला नाही, आणि तेच मला नंतर खटकत राहिले.

पुढच्याच आठवड्यात ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर बाल्टिमोरचे एक कृष्णधवल छायाचित्र आले. ते डेविन ॲलन या सव्वीस वर्षांच्या स्थानिक तरुणाने काढले होते. तो कोणत्याही वृत्तछायाचित्र एजन्सीचा नव्हता, कॅमेरा स्वतःच शिकला होता आणि आपल्या शहरातील घडामोडी इन्स्टाग्रामवर टाकत होता. मुखपृष्ठावरचे चित्र पळणाऱ्या तरुणाचे आणि त्याच्यामागे धावत येणाऱ्या पोलिसांच्या रांगेचे होते, म्हणजे एवढ्या मोठ्या साप्ताहिकालाही शेवटी धावपळच हवी होती, हे आपल्यासारख्यांनी ध्यानात घ्यावे. ॲलनच्या बाकीच्या चित्रांत मात्र मिठी मारणारी माणसे होती, बापाच्या खांद्यावरची मुले होती, घराच्या पायऱ्यांवर बसलेले म्हातारे होते. २०१७ मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकाच्या नावातच त्याने ‘सुंदर’ आणि ‘घेट्टो’ हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले. त्याने पश्चिम बाल्टिमोरमधल्या मुलांसाठी कॅमेरे गोळा केले आणि त्यांना छायाचित्रण शिकवले. बाहेरचा माणूस वस्तीत येऊन दंगलीचे चित्र घेऊन जातो. वस्तीतल्याच मुलाच्या हाती कॅमेरा असला तर तो दंगल नसलेल्या दिवशीही तिथे असतो. मला वाटते, सगळा फरक या एका साध्या गोष्टीत आहे.

२०१७ मध्येच ॲलनला गॉर्डन पार्क्स यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेची पाठ्यवृत्ती मिळाली. पार्क्स हे नाव आपल्या किती डेस्कांवर माहीत आहे, याची मला शंका आहे. मलाही ते उशिराच कळले. १९१२ साली कॅन्ससमधल्या फोर्ट स्कॉट गावी जन्मलेल्या या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने गहाणवटीच्या दुकानातून पहिला कॅमेरा विकत घेतला आणि १९४२ मध्ये तो वॉशिंग्टनला सरकारी छायाचित्र विभागात उमेदवारीसाठी आला. विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी त्याला आधी कॅमेरा ठेवून द्यायला लावला आणि नुसतेच शहरात पाठवले : कोट विकत घे, जेव, सिनेमा पाहा. देशाच्या राजधानीत त्याला तिन्ही ठिकाणी परत फिरावे लागले. संतापून आलेल्या पार्क्सने मग त्याच कार्यालयाची फरशी पुसणाऱ्या एला वॉटसन या बाईशी बोलायला सुरुवात केली. राष्ट्रध्वजासमोर एका बाजूला झाडू आणि दुसऱ्या बाजूला फरशी पुसण्याचा मॉप घेऊन ताठ उभी असलेली ही बाई पुढे जगभर गेली. परंतु या प्रसंगातला आपल्या उपयोगाचा भाग त्यानंतरचा आहे. ते एक जोरदार चित्र हाती लागल्यावर पार्क्स थांबला नाही. तो पुढे कित्येक दिवस एला वॉटसनच्या मागे तिच्या घरी गेला, नातवंडांसह जेवणाऱ्या टेबलाशी गेला, तिच्या प्रार्थनास्थळी गेला. त्याच्या फोटोओळींतून कळते की ती सव्वीस वर्षे सरकारी नोकरीत होती आणि वर्षाला १,०८० डॉलरवर सहा जणांचे कुटुंब चालवत होती. ‘गरीब कृष्णवर्णीय सफाई कामगार’ असे लिहूनही ती ओळ पुरी झाली असती. आपण बहुधा तसेच लिहिले असते.

पार्क्सवर उलटलेला प्रसंगही सांगायला हवा, कारण तो संपादकांविषयी आहे. १९४८ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील एका टोळीचा सतरा वर्षांचा म्होरक्या, रेड जॅक्सन, याच्याबरोबर सुमारे चार आठवडे काढले आणि शेकडो चित्रे घेतली. मारामाऱ्या होत्या, रेडचा राग होता, आणि घरात आईजवळ बसलेला, हसणारा, कोवळा दिसणारा रेडही होता. ‘लाइफ’ या सचित्र साप्ताहिकाने १ नोव्हेंबर १९४८ च्या अंकात त्यातली एकवीस चित्रे छापली. फुटक्या खिडकीतून बाहेर पाहणारा, प्रतिस्पर्धी टोळीने कोंडीत पकडलेला रेड पानभर आला, आणि एकंदर लेखाला हिंसा, भीती आणि निराशेचा रंग चढला. २०१३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या कलासंग्रहालयाने या एका लेखावर संपूर्ण प्रदर्शन भरवले आणि छापील पानांशेजारी मूळ काँटॅक्ट शीट (फिल्मवरची सगळी चित्रे छोट्या आकारात एकत्र छापलेले कागद), कापण्याच्या खुणा आणि नाकारलेली चित्रे मांडली. डेस्कवर काम केलेल्या माणसाला त्या खुणा पाहून घाम फुटावा, कारण त्यात वाईट हेतू कुठेच सापडत नाही. एक रेघ इकडे सरकवलेली असते, कडेचा माणूस कापलेला असतो, सावली थोडी गडद केलेली असते. प्रत्येक निर्णय धंद्याच्या नजरेने बरोबरच असतो. अशा एकवीस बरोबर निर्णयांची बेरीज होऊन रेडचे हसू पानातून नाहीसे झाले.

आठ वर्षांनी, १९५६ मध्ये, पार्क्स ‘लाइफ’साठीच अलाबामात गेला. वर्णभेदाची चित्रे म्हणजे कृष्णधवल, खरखरीत, पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे फवारे अशी आपली समजूत असते; ही चित्रे रंगीत आहेत आणि त्यात कोणी कोणाला मारत नाही. त्यातले एक मी बराच वेळ पाहत बसलो होतो. मोबील शहरातील एका दुकानाबाहेर एक तरुण स्त्री आणि तिच्याबरोबरची लहान मुलगी उभ्या आहेत, दोघी रविवारच्या ठेवणीतल्या कपड्यांत. डोक्यावर लाल निऑनची पाटी आहे : कृष्णवर्णीयांसाठी वेगळे प्रवेशद्वार. स्त्रीच्या फिक्या निळसर झग्याच्या खांद्यावरून आतल्या कपड्याची पट्टी जराशी घसरली आहे. ती घसरलेली पट्टी पाहिली की पाटीचा अपमान दुप्पट बोचतो, कारण इतकी नीटनेटकी निघालेली बाई ती पट्टी कधी सावरेल याचीच आपण वाट पाहत राहतो. या लेखाची किंमतही कोणीतरी मोजली. अंक बाहेर पडल्यावर त्यात झळकलेल्या एका कुटुंबातील शिक्षिकेची नोकरी गेली आणि त्या कुटुंबाला गाव सोडावे लागले. स्वतःची कथा स्वतःच्या तोंडून सांगणे हा तिथे शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता.

कॅमेरा मुळात या समाजाच्या विरोधात वापरला गेला होता, हे या धडपडीमागचे कारण आहे. १८५० मध्ये हार्वर्डचे प्राध्यापक लुई अगासी यांच्यासाठी दक्षिण कॅरोलायनात गुलाम स्त्रीपुरुषांना विवस्त्र करून, समोरून आणि बाजूने, डगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरची त्या काळची छायाचित्रे, काढण्यात आली, कारण अगासींना वंशांची उतरंड सिद्ध करायची होती. रेंटी आणि त्याची मुलगी डेलिया ही त्यातली दोन नावे. ती चित्रे १९७६ मध्ये विद्यापीठाच्या संग्रहालयाच्या माळ्यावर सापडली. रेंटी आपला पूर्वज असल्याचे सांगणाऱ्या स्त्रीने २०१९ मध्ये त्यांच्यासाठी दावा लावला, आणि २०२५ मध्ये तडजोड होऊन ती चित्रे चार्ल्स्टनच्या आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालयाकडे देण्याचे ठरले. एका चित्राची मालकी ठरवायला पावणेदोनशे वर्षे लागली.

याला उत्तर देणारेही त्याच काळात उभे राहिले. गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस हे एकोणिसाव्या शतकातील सर्वाधिक छायाचित्रे काढली गेलेले अमेरिकी मानले जातात. त्यांची सुमारे एकशे साठ वेगवेगळी छायाचित्रे आज ठाऊक आहेत. इस्त्रीचा कोट, सरळ रोखलेली नजर, आणि हसू जवळपास कुठेच नाही, कारण व्यंगचित्रांतला दात विचकणारा सुखी गुलाम त्यांना पुसायचा होता. छायाचित्र या विषयावर त्यांनी व्याख्यानेही दिली. आपल्याकडे ज्यांनी दलित वस्तीतल्या घराच्या पहिल्या खोलीत सुटाबुटातल्या बाबासाहेबांची तसबीर पाहिली आहे, त्यांना डग्लस यांचा कोट समजावून सांगावा लागणार नाही.

पुढे १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीयांच्या ३६३ छायाचित्रांचे संग्रह मांडले. दवाखान्यातला दंतवैद्य, दुकानदार, शिकणाऱ्या मुली, पियानोशेजारी बसलेले कुटुंब. शेजारी लोकसंख्या, जमीन, साक्षरता यांचे रंगीत तक्ते होते. डु बॉइस समाजशास्त्रज्ञ होते. आकडा नुसता मांडला तर कोणी पाहत नाही आणि चेहरा नुसता मांडला तर ‘अपवाद’ म्हणून सोडून दिला जातो, हे त्यांना कळले असावे असे तो संच पाहताना वाटते. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय छायाचित्रकारांनी ‘कामोइंगे’ नावाचा गट काढला. किकुयू भाषेतल्या या शब्दाचा अर्थ मिळून काम करणारी माणसे असा आहे. ही मंडळी एकमेकांची चित्रे टेबलावर पसरून निर्दयपणे तपासत. आपल्या पानांची तशी तपासणी दुसऱ्या दिवशी होत असती, तर माझी ती फोटोओळ कोणीतरी पकडली असती.

फोटोओळीचाच विषय निघाला आहे, तर २००५ मधल्या कत्रिना वादळाची आठवण करून देतो. न्यू ऑर्लिन्समध्ये छातीभर पाण्यातून सामान घेऊन चाललेल्या माणसांची दोन छायाचित्रे दोन वेगवेगळ्या एजन्सींनी पाठवली. कृष्णवर्णीय तरुणाच्या चित्राखाली तो किराणा दुकान ‘लुटून’ येत असल्याचे लिहिले होते, आणि गोऱ्या जोडप्याच्या चित्राखाली त्यांना पाव आणि शीतपेये ‘सापडली’ असे. दोन्ही छायाचित्रकारांनी आपापल्या शब्दाचे समर्थन केले : एकाने तरुणाला दुकानात जाताना पाहिले होते, दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे सामान पाण्यावर तरंगत आले होते. मला दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे वाटते. तरीही ती दोन चित्रे एका पडद्यावर शेजारी आली तेव्हा लाखो वाचकांना जे दिसले ते चूक नव्हते. एकेका ओळीचे समर्थन करता येते. सगळ्या ओळी एकत्र वाचल्यावर जे दिसते त्याची जबाबदारी मात्र एकट्या छायाचित्रकाराची राहत नाही, ती डेस्कची होते.

आता आपल्याकडे येतो. महाराष्ट्राने या विषयात परकेपणाचा आव आणू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून घेतले. असे असताना आपल्या पानांवर आफ्रिकी माणूस दोनच प्रकारे येतो : दुष्काळात हाडे मोजता येणारे मूल, किंवा पोलिसांच्या मध्ये मान खाली घालून उभा असलेला ‘नायजेरियन’. तो घानाचा असो, युगांडाचा असो वा आयव्हरी कोस्टचा, मथळ्यात तो नायजेरियनच होतो. पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या आफ्रिकी विद्यार्थी शिकून गेले, नालासोपाऱ्यात कित्येक कुटुंबे राहतात, मुरूड-जंजिऱ्याच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींचा इतिहास आपण पर्यटन पुरवणीत छापतो. पण ती विद्यार्थिनी, ते कुटुंब किंवा आजचा सिद्दी माणूस पानावर सहसा येत नाही. २०१३ मध्ये गोव्यात एका नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी महामार्ग अडवला आणि एका मंत्र्याने नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली. त्या आठवड्यातील आपापले अंक काढून पाहावेत आणि अडवलेल्या रस्त्याला किती जागा दिली, खून झालेल्या माणसाला किती दिली, हे मोजावे.

एक गोष्ट मात्र आपली खास आहे, आणि ती लिहिताना मला संकोच वाटतो. न्यूजप्रिंटवर गडद चेहरा शाईत बुडतो, म्हणून ‘चेहरा जरा उजळ करा’ ही सूचना मी शेकडो वेळा दिली आहे. तांत्रिक कारण खरे होते. रंगीत फिल्मचे रंगही कित्येक दशके गोऱ्या स्त्रीच्या चित्राशी जुळवून ठरवले जात, आणि गडद छटा नीट याव्यात अशी तक्रार चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्या कंपन्यांनी केल्यावर कोडॅकने त्यात लक्ष घातल्याचे सांगितले जाते. आमच्या डेस्कवर मात्र ती सूचना सगळ्यांना सारखी लागू नव्हती. मंत्री, नट आणि नवरी उजळ होत. आरोपी जसाच्या तसा जाई, कधी थोडा अधिकच गडद. याचा कुठेही लेखी नियम नव्हता.

म्हणून आपणा सर्वांना काही विनंत्या आहेत. ‘संग्रहित छायाचित्र’ म्हणून वर्षानुवर्षे फिरणारी बेड्यांची, पाठमोऱ्या आफ्रिकी तरुणांची आणि रिकाम्या वाडग्यांची चित्रे संगणकावरून एकदा काढून पाहावीत आणि ज्यांचा त्या बातमीशी संबंध नाही ती पुसून टाकावीत. आरोपीचा देश लिहायचा तर खातरजमा करून लिहावा, आणि वंश लिहायचा तर तीच ओळ कोल्हापूरच्या किंवा नाशिकच्या माणसाविषयी लिहिताना जात लिहिली असती का, असे स्वतःला विचारून लिहावा. एजन्सीच्या संचातून चित्र घेताना वस्तीतल्याच छायाचित्रकाराचे चित्र आहे का ते शोधावे. नाव पाहायला अर्धा मिनिट पुरतो. रविवारच्या पुरवणीत पार्क्स, रॉय डीकारावा आणि कॅरी मे वीम्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकारांवर मजकूर यावा, आणि तो चित्रांची भरपूर जागा देऊन यावा. नालासोपाऱ्यात वा पुण्यात राहणाऱ्या आफ्रिकी तरुणांपैकी ज्यांना आवड आहे त्यांच्याकडून त्यांच्याच घराची, चर्चची, फुटबॉलच्या मैदानाची चित्रे मागवावीत, त्यांना इतरांएवढेच मानधन द्यावे आणि फोटोओळ त्यांनाच लिहू द्यावी. मराठीत भाषांतर आपण करू.

हे सारे रात्री साडेअकराला, पान सोडण्याची घाई असताना, कोणाच्या लक्षात राहणार, असे आपण विचाराल, आणि प्रश्न रास्त आहे. त्यासाठी मी एक काम करायला तयार आहे. बाल्टिमोरच्या त्या दोन संचांपैकी जी चित्रे जुन्या अंकांतून आणि संग्रहांतून पुन्हा मिळतील, ती, पार्क्सच्या हार्लेम लेखाची छापील पाने आणि त्याची नाकारलेली चित्रे घेऊन मी कोणत्याही कार्यालयात, रात्रपाळी सुरू होण्याआधी, दोन तास बसेन. नव्या उपसंपादकांनी त्यातून आपापले पान लावावे, आणि मी त्या रात्री लावलेले पान त्याशेजारी ठेवावे. मानधन नको, चहा पुरे.

आपला,
रात्रपाळीतून निवृत्त झालेला एक छायाचित्र उपसंपादक